तीनदा बॅटरी बदलली, तरी डाइव्ह कॉम्प्युटर म्हणतो मी अजून पाण्यातच

जेवणाच्या टेबलावर ठेवलेला डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे स्कूबा करताना पाण्याच्या दाबावरून खोली आणि वेळ दाखवणारं मनगटी यंत्र, शेजारी सेव-उसळीची रिकामी प्लेट, आणि स्क्रीनवर १.३ मीटर, डाइव्ह टाइम चालू. बडोद्यातल्या दांडिया बाजारात, दुसऱ्या मजल्यावर. रिपेअरहून येऊन तीन आठवडे झाले होते, बिलावर ‘टेस्टेड ओके’चा शिक्का होता, आणि ही तिसरी वेळ.

तुमचंही असंच होत असेल, म्हणजे रिपेअर होऊन येतो, एकदोन डाइव्ह नीट जातात, मग बॅटरी अचानक बसते, दुकानाला पाठवलं की ते नवीन सेल टाकून बिल लावतात आणि महिनाभरात परत तेच, तर हे वाचा. मला हे कळायला जवळजवळ एक वर्ष आणि ४,९०० रुपये लागले.

आधी थोडं बॅकग्राउंड. बडोद्यात समुद्र नाही, नदी आहे पण विश्वामित्रीत मगरी आहेत, त्यामुळे आम्ही डाइव्ह करायला सुट्टी काढून मालवण नाहीतर मुर्डेश्वरला जाणारी माणसं. वर्षातून दोन ट्रिपा, फार तर तीन. कॉम्प्युटर साधा, मनगटावर बांधायचा गोल डबा, चार वर्षं वापरलेला, वॉरंटी कधीच संपलेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, दुकानाचंही नाही, कारण मुद्दा त्यांचा नाहीये.

पहिल्यांदा खरोखरच बॅटरी लो होती, स्क्रीनवर चिन्ह येत होतं. आत सीआर २४५० चा सेल असतो, म्हणजे २४.५ मिलिमीटर रुंद आणि ५.० जाड, रिमोटमधला २०३२ यात बसत नाही. मांडवीतल्या आमच्या नेहमीच्या घड्याळवाल्याकडे नेला तर त्याने उलटसुलट करून बघितला आणि परत हातात दिला, म्हणाला, "आ आपणुं काम नथी साहेब, पाणीमां जाय एवी वस्तु छे." आता वाटतं अख्ख्या प्रकरणात सगळ्यात प्रामाणिक माणूस तोच. मग मुंबईच्या एका डाइव्ह शॉपला कुरिअर केला. २,१०० रुपये. बिलावर चार ओळी: सेल, ओ-रिंग (पाणी आत जाऊ न देणारं रबरी कडं), क्लीनिंग, प्रेशर टेस्ट. फोनवर तिथला माणूस मोठ्या कौतुकाने म्हणाला, "सर, सेन्सरच्या भोकात मीठ होतं, कंप्रेसरची हवा मारून एकदम क्लीन करून दिलंय." मीही म्हटलं वा, थँक्यू.

हे ‘हवा मारून’ लक्षात ठेवा.

पुढच्या ट्रिपला मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर पहिल्याच डाइव्हमध्ये बडीच्या, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराच्या, कॉम्प्युटरवर १६.८ मीटर आणि माझ्यावर १३.१. आम्ही दोघं एकाच खडकाजवळ, गुडघ्याला गुडघा लावून. पाण्यात एकमेकांना मनगटं दाखवली, त्याने खांदे उडवले. बोटीवर आल्यावर त्याचा सरफेस मोडमध्ये गेला, माझा नाही, माझा म्हणे अजून दीड मीटरवर. आम्ही हसलो. हसायला नको होतं, कारण कमी खोली दाखवणारा कॉम्प्युटर बंद पडलेल्यापेक्षा वाईट. बंद पडला तर तुम्ही वर येता. कमी दाखवला तर तो तुम्हाला जास्त वेळ देतो आणि तुम्ही आरामात मासे बघत बसता. पाडी या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या साध्या हवेच्या टेबलात १८ मीटरला नो-डिको लिमिट, म्हणजे वर येताना मध्ये थांबे न घेता खाली राहता येईल तो जास्तीत जास्त वेळ, ५६ मिनिटं आहे आणि २२ मीटरला ३७. म्हणजे चार मीटरची चूक आणि एकोणीस मिनिटांचा फरक. त्यामुळे पुढे वाचण्याआधी एकच करा, असा संशय असेल तर तो मनगटावरून काढा, डाइव्ह ऑपरेटरकडून भाड्याने घ्या. बडीकडे आहे ना, मग चालेल, असं नसतं, त्याची खोली त्याची आणि तुमची तुमची.

घरी आल्यावर आठ-दहा दिवसांत सेल संपला. दुकानाला फोन केला, ते म्हणाले पाठवा. कुरिअरवाल्याने विचारलं, "अंदर बॅटरी छे?" मी म्हटलं छे, पण मरी गयेली. दुकानाने नवीन सेल टाकला, १,४०० रुपये, टेस्टेड ओके. मालवणला दोन डाइव्ह, परत बसला. परत पाठवला, परत १,४००, परत ओके. आणि मग ते टेबलावरचं १.३ मीटर.

तिथे पहिल्यांदा डोक्यात प्रकाश पडला. बॅटरी संपते म्हणून कॉम्प्युटर बिघडत नाहीये, पाण्याबाहेर आलोय हे कॉम्प्युटरला कळत नाहीये म्हणून बॅटरी संपतेय. डाइव्ह मोडमध्ये तो सतत जागा असतो, खोली मोजतो, टिश्यूचं, म्हणजे शरीरात किती नायट्रोजन मुरला त्याचं, गणित करतो, आणि माझा तर कपाटात, मोज्यांच्या खणात, दिवस-रात्र डाइव्ह करत होता. बिचारा सेल किती दिवस टिकणार. आणि दुकानात पोचेपर्यंत सेल मेलेला असायचा, म्हणजे त्यांना दिसायचं काय, मेलेला सेल. नवीन टाकला की डाइव्ह मोड पुसला जायचा, शून्य मीटर दाखवायचा, ते म्हणणार ओके. त्यांच्या बाजूने बघितलं तर खोटंही बोलत नव्हते. परत दाब बसला तरच दुखणं बाहेर यायचं, आणि दाब दिल्यावर स्क्रीन ते बघतच नव्हते. याच्यावर पुढे येतो.

यात माझी पण चूक आहे ती सांगतो. तिन्ही जॉब कार्ड मी नंतर काढून बघितली. ‘कम्प्लेंट’च्या रकान्यात तिन्ही वेळा तेच: ‘नॉट स्विचिंग ऑन / बॅटरी डाऊन’. कारण फोनवर मी तेच सांगितलं होतं, आणि काउंटरवरच्या मुलाने ऐकलं ते लिहिलं. टेक्निशियनला मी भेटत नाही, त्याला तो रकाना भेटतो. त्यात बॅटरी लिहिलं तर तो बॅटरी बदलणार, त्याचं काय चुकलं. नेत्राणीचे १६.८ आणि १३.१ हे आकडे तिथपर्यंत कधी गेलेच नाहीत, ते मी फक्त मित्रांना गंमत म्हणून सांगत फिरलो.

मग ठरवलं की चौथ्यांदा पाठवायच्या आधी बिघाड आपणच पकडायचा, आकड्यांसकट.

आधी सोपा उपाय, कारण बरेचदा तेवढ्यानेच भागतं. कोमट गोड्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, मधून मधून हलवा, बटणं दाबा. सेन्सरच्या जाळीमागे मिठाचे खडे बसले असतील तर विरघळतात. दर ट्रिपनंतर हे करायचंच असतं, पण आपण हॉटेलच्या नळाखाली धरून मोकळे होतो. सुई घालू नका, टूथपिक नको, प्रेशरवाला पाइप नको, आणि हवा तर अजिबात मारू नका. मॅन्युअल उघडून बघा, साफ लिहिलेलं असतं की कॉम्प्रेस्ड एअर वापरू नका. आतला सेन्सर नाजूक असतो, तो पाण्याचा दाब हळूहळू घ्यायला बनवलेला आहे, टायरमध्ये हवा भरायच्या नळीसाठी नाही. माझा दोन रात्री बुडवला, काही फरक नाही.

आता टेस्ट. बादलीत होत नाही, कारण बहुतेक कॉम्प्युटर सव्वा-दीड मीटरच्या खाली गेल्याशिवाय डाइव्ह मोडच सुरू करत नाहीत. कुकरची आयडिया माझ्या डोक्यात आली होती, शिटीच्या आत साधारण एक बार जास्तीचा दाब म्हणजे दहा मीटर पाण्याएवढा, हिशोब छान जुळतो, पण उष्णतेने डबाच वितळेल हे बायकोने सांगितलं, तेही कुकर तिचा आहे या मुद्द्यानंतर. आरओच्या फिल्टरच्या पारदर्शक डब्यात सायकलच्या पंपाने दाब देणारे लोक आहेत, पण डबा काठोकाठ पाण्याने भरलेला नसेल तर आतली हवा डबा फोडते, मी त्या वाटेला गेलो नाही.

आमच्या मामेभावाची डभोईकडे शेती आहे, तिथे विहीर. पावसाळ्यानंतर भरपूर पाणी असतं. बडीचा कॉम्प्युटर उसना आणला, दोन्ही एकमेकांना पाठीला पाठ लावून बांधले, दोरीला दर मीटरला गाठ मारली आणि खाली दोन किलोचं वजन, ते किराणा दुकानातलं लोखंडी असतं ना, ते. मामी काठावर उभी राहून विचारतेय, "काय रे, काय पडलंय विहिरीत?" म्हटलं काही पडलं नाही मामी, सोडतोय. ती म्हणाली, "सोडतोस कशाला मग, परत काढायचंय ना?"

आठव्या गाठीपर्यंत सोडलं, दोन मिनिटं धरलं, वर काढलं. बडीच्या लॉगमध्ये मॅक्स डेप्थ ७.८. माझ्यात ५.९. (गोड्या पाण्यात दोन्ही तीनेक टक्के कमी दाखवू शकतात, कारण बरेच कॉम्प्युटर समुद्राच्या पाण्याच्या हिशोबाने लावलेले असतात, पण दोघांना पाणी एकच, म्हणून तुलनेला अडचण नाही. आठ गाठींना नेमके ८.० दिसले नाहीत म्हणून घाबरू नका.) मग वीस मिनिटं थांबून परत सोडलं, या वेळी दहा मिनिटं धरलं. बडीचा परत ७.८. माझा ६.६. म्हणजे वेळ दिला तर थोडा सरकतो, पण पोचत नाही. आणि वर आल्यावर १.४ वर अडकून बसतो, खाली यायचं नाव घेत नाही. जाताना कमी, येताना जास्त, दोन्हीकडे मागे राहतो. सगळ्यात भारी म्हणजे बडीच्या लॉगमध्ये दोन डाइव्ह नोंदले गेले आणि माझ्यात एकच, सलग ३७ मिनिटांचा, त्याच्या मते मधली वीस मिनिटं मी चहा पीत नव्हतो, विहिरीतच होतो.

या सगळ्याचा व्हिडिओ काढला, एकाच शॉटमध्ये, कट न करता. आधी दोन्ही स्क्रीन, मग सीरियल नंबर, मग दोरी, गाठी मोजत खाली, परत वर, परत दोन्ही स्क्रीन. कट असला की समोरचा म्हणतो मध्ये काय केलं काय माहीत. सेल पण त्या दिवशी नवीन टाकलेला दाखवा, रिकामं पाकीट कॅमेऱ्यासमोर धरा, म्हणजे बॅटरीचा विषयच संपतो. फक्त सेल स्वतः बदलत असाल तर ओ-रिंगवर एक केस जरी अडकला तरी पाणी आत जातं, उजेडात भिंग धरून बघा, नाहीतर दुकान म्हणणार तुम्हीच उघडलंत आणि ते बरोबर असेल.

आता दुकान. मी फोन केला नाही, हे पहिल्यांदा बरोबर केलं. फोनवर ते "हो सर, बघतो सर, पाठवून द्या सर" म्हणतात आणि आपण पण मऊ पडतो. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ टाकला आणि लिहिलं, साधारण असं: "नमस्कार. तिन्ही बिलांवर प्रेशर टेस्टचे पैसे घेतलेत. प्रत्येक टेस्ट किती मीटरच्या दाबाला केली, किती मिनिटं ठेवला, आणि त्या वेळी कॉम्प्युटरने किती मीटर दाखवले, हे तिन्ही आकडे पाठवा. व्हिडिओत ७.८ च्या जागी ५.९ दिसतंय आणि बाहेर काढल्यावर १.४. नवीन सेल टाकूनच टेस्ट केली आहे."

दुसऱ्या दिवशी फोन आला. फोनच आला, लिहून उत्तर नाही.

"सर, टेस्ट आम्ही तीस मीटरला करतो."

"बरं. तीस मीटरला याने किती दाखवले?"

"सर… लीक टेस्ट असते ती. पाणी जातं का बघतो."

"म्हणजे स्क्रीन बघत नाही?"

"सर ते टेक्निशियनला विचारून सांगतो."

इथे सगळं आलं बघा. लीक टेस्ट आणि डेप्थ टेस्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लीक टेस्टमध्ये दाब देऊन बघतात की आत ओल येते का, बुडबुडे निघतात का. डेप्थ टेस्टमध्ये दाब गेजवर बघून कॉम्प्युटर तेवढेच मीटर दाखवतो का हे तपासतात, एक बार दाब वाढला की साधारण दहा मीटर. बिलावर दोन्हीला ‘प्रेशर टेस्ट’ म्हणतात आणि आपण समजतो दोन्ही झाल्या. पुढच्या वेळी कुठेही रिपेअरला देताना विचारा, रीडिंग लिहून देणार का. नाही म्हणाले तर तिथे देऊ नका, मग पैसे कितीही कमी असोत.

फोन संपल्यावर लगेच मी व्हॉट्सअॅपवर टाकलं: "आत्ता फोनवर आपण सांगितलंत की फक्त लीक टेस्ट केली, रीडिंग घेतलं नाही." दोन निळ्या टिका. उत्तर नाही. पण नाकारलं पण नाही.

हवा मारल्याची गोष्ट मी मुद्दाम काढली नाही. मला आजही वाटतं तिथेच सेन्सर गेला, पण सिद्ध कसं करणार, ते म्हणणार आधीच खराब होता, मीठ तुमचंच होतं, आणि मग महिनाभर तोच वाद. भांडण जिथे कागद आपल्या बाजूने आहे तिथे करावं. कागद म्हणत होता की एकाच तक्रारीचे तीनदा पैसे घेतले आणि रीडिंग न बघता ओके दिलं. पुरे होतं तेवढं.

आठवडाभर शांतता. मग मी जरा कायद्याची भाषा केली, धमकी नाही, माहिती म्हणून. तुम्हाला पण उपयोगी पडेल: २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, २० जुलै २०२० पासून लागू, त्यात सेवेतली कमतरता म्हणजे ‘डेफिशियन्सी’ येते आणि रिपेअर ही सेवाच आहे. दुकान मुंबईत आणि मी बडोद्यात, मग केस करायला मुंबईला जावं लागणार हा जो आपल्याला धाक असतो तो जुना, आता तक्रार करणारा जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही, वकील लागतोच असं नाही, ऑनलाइन भरता येते, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायची. त्याआधी १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला नोंदवता येतं, ते तक्रार दुकानाकडे पाठवतात, आदेश वगैरे देत नाहीत पण बऱ्याच दुकानांना तेवढंच पुरतं. काही दुकानं बिलच देत नाहीत, कच्च्या चिठ्ठीवर काम, तर बिल न देणं हीच या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. म्हणून बिल मागाच, जीएसटी लागतो तर लागू दे. माझ्याकडे तीन पक्की बिलं नसती तर या सगळ्याला काही अर्थ नव्हता.

मी स्पीड पोस्टने एक पानाचं पत्र पाठवलं. रावपुऱ्याच्या पोस्टात लाइनीत उभा राहून, शंभर रुपयांच्या आत काम झालं. पत्रात तीन बिलांचे नंबर, तारखा, टेस्टचे आकडे, आणि मागणी एकच ओळ: दुसऱ्या आणि तिसऱ्या रिपेअरचे पैसे परत, आणि कॉम्प्युटर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला तुमच्या खर्चाने पाठवा, पंधरा दिवसांत. पहिल्या रिपेअरचे पैसे मागितले नाहीत, तेव्हा सेल खरंच लो होता आणि तो बदलला. सगळं मागितलं की समोरचा काहीच देत नाही असा माझा अनुभव आहे, सासूबाईंचा वेगळा आहे, त्या म्हणतात दुप्पट मागायचं.

पत्र पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी मालकाचा स्वतःचा फोन. आवाज एकदम बदललेला, "अहो, हे आधी सांगायचं ना." आधी म्हणजे कधी, ते विचारलं नाही.

पाठवताना या वेळी जॉब कार्डाची ओळ मी स्वतः टाइप करून दिली आणि तशीच लिहून त्याचा फोटो मागितला: ‘खोली कमी दाखवतो, पाण्याबाहेर शून्यावर येत नाही, डाइव्ह मोड संपत नाही, बॅटरी नवीन आहे.’ डब्यात पण तीच ओळ कागदावर लिहून रबरबँडने कॉम्प्युटरला बांधली, कारण जॉब कार्ड आणि वस्तू वेगवेगळ्या टेबलांवर जातात.

सर्व्हिस सेंटरचं उत्तर पाच आठवड्यांनी आलं. प्रेशर सेन्सर खराब, या मॉडेलमध्ये तो वेगळा बदलता येत नाही, पूर्ण युनिट एक्स्चेंज, ९,५०० रुपये. दुकानाने २,८०० त्यात वळते केले आणि दोन्ही बाजूंचं कुरिअर दिलं. म्हणजे मला ६,७०० पडले. हिने हिशोब करून सांगितलं की मी हरलोय. असेल, पण नवीन घ्यायला गेलो असतो तर त्याच्या दुपटीहून जास्त गेले असते, आणि आयोगात जायची माझी तयारी होती पण हौस नव्हती. तुमचं नुकसान मोठं असेल, किंवा चुकीच्या रीडिंगमुळे कोणाला त्रास झाला असेल, तर माझ्यासारखं तडजोडीवर थांबू नका. जुने सगळे डाइव्ह मात्र गेले, एक्स्चेंजमध्ये लॉग येत नाही, त्यामुळे पाठवायच्या आधी केबलने नाहीतर निदान फोटो काढून लॉग उतरवून घ्या. माझे ४१ डाइव्ह होते, वहीत फक्त पहिले १२ सापडले.

नवीन युनिट आल्याच्या रविवारी परत डभोईला गेलो. तीच दोरी, तेच वजन, आठवी गाठ. बडीचा ७.८, माझा ७.९. वर काढला, कठड्यावर ठेवला आणि बघत बसलो. काही वेळाने डाइव्ह टाइम थांबला, सरफेस इंटर्व्हल, म्हणजे पाण्याबाहेरचा वेळ, सुरू झाला. आता बडी त्याचा कॉम्प्युटर परत मागतोय, आणि मी म्हणतोय नेत्राणीचा एक डाइव्ह होऊ दे, मग देतो.